स्वतंत्र सॉफ्टवेअर सल्लागार: आधी करार, मग काम

नोकरी सोडून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घेऊ पाहणाऱ्यांनी दोन कायदे जरूर समजून घ्यावेत.

पहिला, १९५७ चा कॉपीराइट कायदा. नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामची मालकी सहसा कंपनीची असते. स्वतंत्र सल्लागाराच्या प्रोग्रामची मालकी मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, त्याच्याकडेच राहते. ती ग्राहकाला द्यायची तर लेखी, सहीनिशी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. त्यामुळे दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा.

दुसरा, २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. ‘उद्यम’ पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे भारतातल्या ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी मुदत ठरलेली नसेल, तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

करारात कामाची व्याप्तीही नेमकी हवी. ‘लॉगिनची सोय’ एवढंच लिहून भागत नाही. पासवर्ड विसरल्यास काय करायचं, ओटीपीच्या एसएमएसचा खर्च कोणाचा, काम सोपवल्यावर दुरुस्त्या किती दिवस मोफत, हे सगळं कागदावर येऊ द्या. कष्टाचा मोबदला मागताना संकोच नको; तो तुमचा हक्क आहे.