भाड्याचा हिशेब



'भाड्यातून हप्ता फिटेल' म्हणून आपल्यातले बरेच जण पुण्यात दुसरा फ्लॅट बघताहेत. मीही बघितला होता. किंमत 80 लाख, भाडं महिना 20 हजार. म्हणजे वर्षाला 3 टक्के. कर्जाचं व्याज साडेआठ! फरक खिशातून. तो नाद सोडून लातुरात वडिलांच्या घरावर चार खोल्या बांधल्या. क्लासची पोरं राहतात. जागा घरची, म्हणून गणित जमलं. तरी 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा भाडं टँकरमध्येच गेलं. परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या. म्हणून भाडं दहाच महिन्यांचं धरा, पाण्याचे पैसे आधी बाजूला काढा.

आणि भाडं वाढवताना आठवा, आपणही खेड्यातून येऊन अशाच खोलीत राहून शिकलो.