हरकतीची मुदत



विहारामागच्या मैदानाचे आरक्षण बदलले, हे आपल्याला केव्हा कळते? बहुधा पत्रे ठोकले जातात तेव्हा. वास्तविक विचारणा आधीच होऊन गेलेली असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करताना राजपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिना. तोही सूचनेच्या तारखेपासून, आपल्या वाचनात आली त्या दिवसापासून नव्हे.

मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये अख्ख्या शहराच्या आराखड्याचे प्रारूप निघाले. चुका इतक्या, की लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि एप्रिलमध्येच शासनाने ते नव्याने करायला लावले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये. पण असा आराखडा वीस-वीस वर्षांनी येतो, तेव्हा सगळेच जागे असतात. एका भूखंडाची चार ओळींची सूचना कोण वाचतो?

भाषणे पुष्कळ झाली, हेही त्यातलेच. म्हणून कार्यकारिणीला एवढीच विनंती : जाहीर सूचना व राजपत्र पाहण्याचे काम दर आठवड्याला एका विद्यार्थ्याकडे द्या. सूचना दिसताच शेवटची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहा. पहिल्या आठवड्यात नकाशा पाहा, दुसऱ्यात वस्तीची बैठक घ्या, तिसऱ्यात लेखी हरकत देऊन पोच घ्या. चौथा हाताशी ठेवा. सह्या करणारे नेमके गावी गेलेले असतात. आणि एप्रिलमध्ये आपण जयंतीच्या वर्गणीत गुंतलेले असलो, तरी सूचना निघायची थांबत नाही.

सुनावणीला वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांना जरूर न्या. मैदान कोणी साफ केले, ते त्यांना ठाऊक आहे.