दुसऱ्या फेरीला जाताना

रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत पहिली मुलाखत झाली आणि पुन्हा बोलावणं आलं, तर पहिलीच उत्तरं घोकून जाऊ नका. तेव्हा एचआरने कागद पाहिले होते. आता समोर असतो प्रॉडक्शनचा किंवा मेंटेनन्सचा साहेब, ज्याच्या हाताखाली तुम्ही राबणार. त्याला मार्कांत फारसा रस नसतो, काम येतं का ते पाहायचं असतं.

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला फियाटच्या कारखान्यात मोटारी होतात, व्हर्लपूलमध्ये फ्रीज. अशा ठिकाणी व्हर्निअर हातात देऊन माप घ्यायला सांगू शकतात. आधी जबडे मिटवून झिरो एरर पाहिलात, की साहेबांना कळतं, पोराने खरंच काम केलंय. दौंडकडे कुरकुंभला रसायनं आणि औषधं, सिप्लाचा कारखानाही तिथेच. तिथे सुरक्षेवर खोदून विचारणार. ॲसिड पातळ करताना काय कशात ओतायचं? ॲसिड पाण्यात, हळूहळू. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. बंद टाकीत उतरायचं तर आधी परमिट आणि ऑक्सिजनची मोजणी, हेही तोंडपाठ हवं.

येत नसेल ते येत नाही म्हणा. थाप दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

आणि तुम्हीही विचारा, लाजू नका. नेमणूक कंपनीच्या पटावर की ठेकेदाराकडे? ॲप्रेंटिस की ट्रेनी? पीएफ कापून हातात किती? रात्रपाळीला बस आहे का? नोकरी लावून देतो म्हणत कुणा मध्यस्थाने पैसे मागितले, तर मात्र एक रुपयाही देऊ नका.