शेततळ्याचा कागद : जबाबदारी कोणाची?
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



नाशिक, सांगली, सोलापूरकडील द्राक्ष व डाळिंब बागाईतदारांना शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद नवा नाही. विणीव, थर दिलेल्या एचडीपीई कागदासाठी आयएस 15351 हे भारतीय मानकही आहे. तरीही पातळ, बिनशिक्क्याचा कागद सर्रास अंथरला जातो. किंमत हे एक कारण झाले. माझ्या मते दुसरे कारण अधिक मोठे आहे.

शेततळे तीन हातांतून तयार होते. पोकलेनवाला खोदतो, दुकानदार कागद देतो आणि जोड मारणारी टोळी वेगळीच असते. पाणी झिरपू लागले की दुकानदार म्हणतो, तळाला दगड राहिले. पोकलेनवाला म्हणतो, जोड उसवला. टोळी म्हणते, कागदच हलका. मग शेतकरी म्हणतो, महागाचा कागद घेऊनही पाणी गेले, तर स्वस्तातला काय वाईट? शेजारीही तेच ऐकतो. चांगला माल बदनाम होतो तो असा.

यावर उपाय एकच. शक्यतो कागद व जोडणी एकाच माणसाकडे द्यावी आणि खोदाई त्याच्याकडून तपासून घ्यावी. दगड, मुळ्या वेचून, तळ व उतार चोपून, चाळलेल्या मातीचा थर दिल्यावर कागदवाल्याला बोलवावे. "तळ पाहिला, कागद अंथरण्यास योग्य आहे" अशी सही त्याने दिल्याशिवाय गुंडाळी उलगडू देऊ नये. सही करायची म्हटली की तोच माणूस उतारावर वाकून खडे शोधू लागतो! एकदा सही झाली की दगडाची सबब संपली.

आता कागदाचे वजन. वरून 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल व 1:1 उताराचे तळे घ्या. तळ 24 मीटर, दोन्ही उतार मिळून साधारण 8.5 मीटर आणि काठावरील चरात दाबण्यासाठी दोन्हीकडे एकेक मीटर, म्हणजे 34.5 मीटर. एकूण सुमारे 1,190 चौरस मीटर कागद लागेल. एकसंध एचडीपीईचा 500 मायक्रॉन कागद दर चौरस मीटरला सुमारे 470 ग्रॅम भरतो, म्हणजे गुंडाळी 560 किलोच्या आसपास हवी. 450 किलोच भरली तर तो 400 मायक्रॉनचा समजावा. विणीव कागदाचे दर चौरस मीटर वजन बिलावर लिहून घ्यावे. वजनकाटा गावाजवळ असतोच. मायक्रॉन मोजण्याचे यंत्र मात्र आपल्याकडे नसते. बिलावर जाडी, मानक व गुंडाळीचा क्रमांक हवा. हातभर तुकडा दोघांच्या सहीने जपून ठेवावा.

पैशाचे म्हणाल तर दहा-पंधरा टक्के रक्कम तळे पूर्ण भरून महिना होईपर्यंत द्यायची नाही, हे आधीच लिहून घ्यावे. काम संपल्यावर हा विषय काढला तर नुसते भांडण होते.

पाण्याची पातळी उतरली म्हणजे कागद फाटलाच असे नव्हे. उन्हाळ्यात रोज 8-10 मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. अर्धी भरलेली रुंद बादली दोरीने बांधून तळ्यात तरंगत ठेवावी. बादलीतील व तळ्यातील उतार सारखा असेल तर गळती नाही. तळे जास्त उतरत असेल तर पाणी भरणे थांबवून रोज खूण करावी. एका पातळीला येऊन जादा उतार थांबतो. भोक त्याच उंचीवर, काठाने फिरून शोधावे. ते जोडावर सापडले तर जोडणीवाल्याने दुरुस्त करावे. खालून खडा टोचला असेल तरी तळावर सही करणाऱ्यानेच करावे. जनावराच्या खुराने किंवा मोटार ओढताना फाटले असेल तर तो खर्च आपला, तेथे दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. म्हणून तळ्याला कुंपण पहिल्याच दिवशी घालावे. लहान मुलांसाठी तर ते हवेच. ओल्या कागदावरून माणसालाही वर चढता येत नाही, यासाठी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर काठावरील खुंटांना बांधून पाण्यात सोडावेत.