शेंडी बांधलेला ससा

(कलाशिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘चित्रकथेतील व्यक्तिरेखा’. या शब्दाकडे थोडे निरखून पाहावे अशी माझी विनंती आहे. व्यक्तिरेखा या शब्दात रेखा आहे. जी रेखा व्यक्तीला व्यक्त करते, ती व्यक्तिरेखा. साहित्यिकांनी हा शब्द आपल्याकडून उसना नेला आणि परत केला नाही, असे मी माझ्या लेखक मित्रांना नेहमी चिडवतो.

गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा जाडजूड वही घेऊन माझ्याकडे आला. वहीत एक महापराक्रमी योद्धा होता. पिळदार दंड, हातात तळपती तलवार, पाठीवर फडफडणारा अंगरखा. रेषेवर मुलाची पकड होती, हे मान्य केले पाहिजे. मी त्याला विचारले, “हा तुझा योद्धा दुपारी भूक लागली म्हणजे काय करतो?” मुलगा गोंधळला. त्याच्या नायकाला भूकच लागत नव्हती. शत्रू समोर नसला की तो उभाच राहू शकत नव्हता. कागदावरून नाहीसा होत होता. शेजारी बसलेल्या वडिलांचा प्रश्न वेगळाच होता: “सर, याने पोट भरते का?” या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज एका चित्रकाराच्या आधारे प्रयत्न करतो.

त्या चित्रकाराचे नाव स्टॅन साकाई. जन्म १९५३ चा, जपानमधील क्योतो नगरीतला. वडील अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे सैनिक, आई जपानी. दोन वर्षांचा असताना तो हवाई बेटांवर आला आणि तिथेच वाढला. होनोलुलूच्या चित्रपटगृहात सामुराई योद्ध्यांचे चित्रपट पाहत त्याचे बालपण गेले. पुढे हवाई विद्यापीठात त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि नंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. पूर्वजांची भूमी त्याला मुख्यतः पडद्यावर, पुस्तकांत आणि घरातल्या बोलण्यात भेटलेली. हे सांगण्याचे कारण असे की, परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांविषयी ‘ती आता आपली राहिली नाहीत’ असा उसासा टाकणारे आजी-आजोबा या सभागृहातही असतील. त्यांनी साकाईची पुढची हकीकत जरा लक्ष देऊन ऐकावी.

जपानच्या इतिहासात मियामोतो मुसाशी नावाचा विख्यात खड्गधारी होऊन गेला, सतराव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्या जीवनावर चित्रकथा रचावी असे साकाईच्या मनात होते. एके दिवशी रेखाटनाच्या वहीत सहज रेघोट्या ओढताना त्याने एक ससा काढला आणि त्याचे लांब कान डोक्यावर उंच बांधून टाकले. सामुराई लोक डोक्यावर केसांची जी गाठ बांधत, थेट तशी. आपण तिला शेंडीच म्हणू. ती आकृती पाहिल्यावर मुसाशीचे चरित्र बाजूला राहिले. योद्धा ससा जन्माला आला. त्याचे नाव मियामोतो उसागी. उसागी म्हणजे ससा. मालिकेचे नाव ‘उसागी योजिंबो’. योजिंबो म्हणजे अंगरक्षक. गंमत म्हणजे मूळ बेतात हा ससा दुसऱ्याच एका कथेतले दुय्यम पात्र होता. पण काही पात्रे अशी असतात की, कर्त्याने त्यांना कोपऱ्यात बसवले तरी ती उठून मधोमध येतात. १९८४ मध्ये तो प्रथम छापला गेला आणि २०२४ मध्ये त्याला चाळीस वर्षे पूर्ण झाली.

इथे कुणी म्हणेल, शेंडीवाला ससा ही एक चमत्कृती झाली. त्यात चारित्र्य कुठे आले? प्रश्न योग्य आहे. कल्पना एका क्षणात सुचते, पात्र मात्र वर्षानुवर्षे घडत राहते. साकाईने सशाला प्रथम काय दिले असेल, तर एक पराभव. उसागी ज्यांच्या पदरी होता ते मिफुने सरदार अदाचीच्या मैदानावर फितुरीमुळे मारले गेले. शत्रूच्या हाती धन्याचे मस्तक लागून त्याची विटंबना होऊ नये, म्हणून हा ससा ते घेऊन रणांगणातून निसटला आणि त्याने ते पुरले. तेव्हापासून तो बिनधन्याचा योद्धा म्हणून भटकतो आहे. पराक्रम अंगी आहे, पण तो अर्पण करायला स्वामी उरला नाही. धन्याचा मृत्यू टाळता आला नाही, सन्मान राखता आला. आमच्या नववीतल्या योद्ध्याकडे दंडाचे स्नायू होते, असे काही नव्हते.

आणि उसागीला भूक लागते! तो धर्मशाळेत उतरतो, भात खातो, पैसे मोजतो. त्याचा एक मित्र आहे गेन नावाचा. हा गेंडा आहे, इनामासाठी गुन्हेगार पकडणारा, आणि जेवणाचे पैसे देण्याची वेळ आली की नेमका पसार होणारा. वाचक प्रथम त्याला हसतात. पुढे एका कथेत गेनचे बालपण उलगडते. त्याचा बाप सामुराई होता. सूडाच्या एकाच ध्यासापायी त्याने बायको-मुलाची वणवण केली, त्यात आई गेली. तेव्हा कळते की, ‘मला फक्त पैसा समजतो’ असे हा गेंडा का म्हणतो. सन्मानाच्या नावाखाली घर कसे उद्ध्वस्त होते हे त्याने लहानपणी पाहिलेले असते. यानंतर तो पुन्हा बिल चुकवतो तेव्हाही आपण हसतो, पण आधीसारखे नाही. गेनचा चेहरा, शिंग, अंगावरची वस्त्रे यांतली एक रेषाही चित्रकाराने बदललेली नाही. बदल वाचकाच्या डोळ्यांत झालेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाची रीत सांगतो, कारण समोर कलाशिक्षक बसले आहेत. अमेरिकेतील मोठ्या चित्रकथा-उद्योगात कामाची वाटणी असते. एक जण कथा लिहितो, दुसरा पेन्सिलीने रेखाटतो, तिसरा शाई फिरवतो, चौथा अक्षरे घालतो. साकाई ही सर्व कामे एकटा करतो. प्रथम कथेचा आराखडा, मग तळहाताएवढ्या चौकटींत सबंध पानाची कच्ची मांडणी व संवाद, मग मोठ्या कागदावर पेन्सिल, त्यावर हाताने लिहिलेली अक्षरे आणि शाई. मालिकेची आतली पाने २०१९ पर्यंत बहुतांशी कृष्णधवलच निघाली. रंग नसला म्हणजे रेषेला लपायला जागा राहत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगून मी थकलो. अक्षरांबद्दल तर मुद्दाम सांगायचे आहे. साकाईने व्यवसायाची वाट अक्षरांपासून धरली. सर्जिओ आरागोनेस या विनोदी चित्रकाराच्या ‘ग्रू’ मालिकेची अक्षरे तो लिहीत असे. स्पायडरमॅनच्या रविवारच्या वृत्तपत्रीय पट्टीची अक्षरेही त्याने अनेक वर्षे लिहिली. त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: स्वतःचा ससा चितारत असताना चुलीला हातभार लागत होता तो दुसऱ्यांच्या अक्षरांचा. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

अभ्यासाविषयी एक उदाहरण पुरे. त्याची पतंगावरची एक कथा आहे. एकच प्रसंग तिघांच्या नजरेतून येतो: पतंग बनवणारा कारागीर, एक जुगारी आणि आपला ससा. पतंगाची बांधणी इतक्या बारकाईने चितारली आहे की, कारागिराचे हात म्हणजेच त्याचा स्वभाव होऊन जातात. अशा कामामुळे १९९० मध्ये या मालिकेला शैक्षणिक मूल्यासाठी पालकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. पालकांची आणखी एक शंका असते, मारामारीची. उसागीच्या कथांत माणसे मरतात, म्हणजे प्राणी मरतात. परंतु रक्ताचा सडा जवळजवळ नसतोच. मरणाऱ्याच्या तोंडातून संवादाचा फुगा निघतो आणि त्यात इवलीशी कवटी असते. लहान मूल त्याला हसते. मोठा वाचक क्षणभर थांबतो.

१९९९ मध्ये त्याच्या ज्या दीर्घकथेला अमेरिकेतील मानाचा आयझ्नर पुरस्कार मिळाला, तिची सुरुवात तर थेट जपानी पुराणकथांतील विश्वोत्पत्तीपासून आहे. आठ तोंडांच्या सर्पाच्या शेपटीत सापडलेले कुसानागी नावाचे दैवी खड्ग, सम्राटांच्या राजचिन्हांपैकी एक, ११८५ च्या नौकायुद्धात बालसम्राटाबरोबर समुद्रात बुडाले, अशी कथापरंपरा आहे. साकाई कल्पितो की, ते खड्ग उसागीच्या हाती लागते. ज्याच्याकडे ते आहे तो देश पेटवू शकतो. एखाद्या उथळ चित्रकथेत नायकाने ते उपसून शत्रूची फळी कापली असती. हा ससा एका धर्मगुरूशी विचारविनिमय करतो आणि ते वापरायचे नाही, सुरक्षित स्थळी पोहोचवायचे, असे ठरते. शेवटी ते आत्सुताच्या मंदिरात नेले जाते. हातातील सामर्थ्य न वापरण्याचा निर्णय चित्रात दाखवणे किती अवघड असते, हे चितारणाऱ्यालाच ठाऊक! त्या कथेला साकाईने टिपा आणि संदर्भग्रंथांची नावे जोडली आहेत. होनोलुलूत वाढलेला मुलगा पूर्वजांच्या पुराणकथा अशा अभ्यासाने परत मिळवतो. आजी-आजोबांना मघाशी लक्ष देण्यास सांगितले, ते यासाठी.

आपल्याकडे १९६७ पासून अमर चित्रकथेने घरोघरी राम, कृष्ण, शिवराय पोहोचवले. अनंत पै यांचे ते ऋण मोठे आहे. तिथे चित्रकाराला चरित्र सिद्ध मिळत होते. त्याने ते देखणे करायचे. स्वतःचे पात्र शून्यातून घडवून चाळीस वर्षे सांभाळणे ही वेगळी तपश्चर्या आहे, आणि तिच्यासाठी एक व्यावहारिक अट असते. ती म्हणजे पात्र आपल्या मालकीचे असणे.

इथे थोडे स्वतःविषयी बोलतो, क्षमा असावी. तरुणपणी मी एका प्रकाशनासाठी एक खट्याळ मुलगा निर्माण केला होता. पाच-सहा वर्षे तो काढला. एकरकमी मानधन मिळाले आणि एका कागदावर सही घेतली गेली. वाचला नाही, वाचण्याची गरज वाटली नाही. पुढे माझे काम थांबले आणि एके दिवशी स्टँडवर तोच मुलगा दुसऱ्याच्या हाताने काढलेला दिसला. चित्र वाईट नव्हते. पण तो एका म्हाताऱ्या भाजीवालीची टर उडवत होता. माझा मुलगा खोड्या काढायचा, पण दुबळ्याची कधीच नाही. त्याचे सगळे वैर दांडगटांशी होते. घरी येऊन पत्नीला म्हणालो, “अगं, आपला पोरगा बिघडला.” ती हसली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. दोष मी कुणाला देत नाही, सही माझीच होती. सुपरमॅनच्या दोन तरुण जनकांनी १९३८ मध्ये तो अवघ्या १३० डॉलरला विकला होता, तेव्हा माझी गणती तरी कशात?

साकाईने ही चूक केली नाही. प्रकाशक बदलले, फँटाग्राफिक्स, मिराज, डार्क हॉर्स, आयडीडब्ल्यू. ससा नेहमी त्याच्याचबरोबर गेला. स्वतंत्र कलावंत असणे याचा अर्थ सुखी असणे असा मात्र नाही. २०१४ मध्ये त्याच्या पत्नीच्या दीर्घ आजारपणाचा भार कुटुंबावर पडला. पगार देणारी कुठलीच कंपनी पाठीशी नव्हती. तेव्हा देशोदेशीच्या चित्रकारांनी आपापल्या हाताने उसागी काढला, त्या चित्रांचा लिलाव झाला, ग्रंथ निघाला आणि पैसा त्या घरी पोहोचला. त्याच वर्षी पत्नी निवर्तली. पुढच्या वर्षी मालिका पुन्हा सुरू झाली. वर्षानुवर्षे सशाच्या कथा वाचलेल्या माणसांनी सशाच्या जनकासाठी धावून यावे, यावर मी अधिक भाष्य करत नाही.

शेवटी एक प्रसंग. उसागीला एक मुलगा आहे, जोतारो. परिस्थिती अशी की, तो दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याला बाबा म्हणत वाढला. तपशिलात शिरत नाही. उसागीला हे नाते ठाऊक आहे. मुलालाही कळलेले आहे. पण समोरच्याला ठाऊक आहे हे दोघांपैकी कुणालाच माहीत नाही. ते काही काळ बरोबर प्रवास करतात. सांगावे की न सांगावे? सांगितले तर ज्याने वाढवले त्याचे काय? निरोपाची वेळ येते आणि दोघेही न बोलता वेगळे होतात. तलवारीचे शेकडो वार ज्या हाताने काढले, त्याच हाताने काढलेले हे न बोललेले वाक्य.

हा प्रसंग मी त्या नववीतल्या मुलाला दाखवला होता. तो बराच वेळ पान उलटेना. महिन्याभराने नवी वही घेऊन आला. तलवार तीच आहे, अंगरखा गेला आहे. पहिल्याच पानावर योद्धा विहिरीच्या काठावर बसला आहे आणि फडक्यातली भाकरी सोडतो आहे. भाकरी दोन आहेत, माणूस एकच. दुसरी कुणासाठी, असे मी विचारले, तर म्हणाला, “सर, ते अजून मलाही माहीत नाही.”

त्याच्या परवानगीने ती वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. चहाच्या वेळात अवश्य पाहा. पेन्सिलीची पाने आहेत, तेवढे हात कोरडे करून हाताळा.