ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल

 

आज आम्ही बोलणार आहोत जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीतल्या तेलावर. इंजिनाचं तेल बहुतेक गट वेळेवर बदलतात. पण सीटच्या खाली, मागच्या दोन मोठ्या चाकांच्या मधोमध जी बिडाची मोठी पेटी असते, तिच्यात काय आहे हे वर्षानुवर्षं कोणी उघडून पाहत नाही.

आपल्यापैकी काही गटांना ट्रॅक्टर सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून मिळाले. या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. काही गटांनी कर्ज काढून जुने ट्रॅक्टर घेतले. कागदावर मालकी गटाची, सह्या आपल्या. पण गिअरपेटीचं तेल कधी बदललं असं विचारलं, तर उत्तर येतं, "डायव्हरला माहीत." पुढे ऐन मृगात गिअर अडकतो किंवा लिफ्ट वर उचलत नाही, आणि गटातल्या सगळ्यांची वावरं एकदमच थांबतात. वाफसा कोणासाठी थांबत नाही.

आमच्या गटाचा ट्रॅक्टरही जुनाच आहे. तो एका गॅरेजातून तेल बदलून आला. बिल आलं, पण काढलेलं तेल कोणी दाखवलं नाही. पावसाळा सरल्यावर पट्टी ओढून पाहिली, तर तेल चहासारखं दुधाळ. पाणी पावसाचं शिरलं की तेल जुनंच राहिलं, हे सांगायला कोणीच नव्हतं. तेव्हापासून हे काम आम्ही अंगणात, आमच्या डोळ्यांसमोर करतो.

आधी हे तेल करतं काय ते समजून घेऊ. बंडीच्या आसाला वंगण लावतो ते चाक घासू नये म्हणून. गिअरपेटीतलं तेलही ते काम करतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. बहुतेक ट्रॅक्टरांत हेच तेल पंपातून दाबानं जातं आणि लिफ्ट उचलतं. म्हणजे आपला वखर किंवा रोटाव्हेटर वर उचलते ती ताकद तेलातून जाते. शहरात ज्या गाड्या आपोआप गिअर बदलतात, त्यांच्यातही तेलाच्या दाबावरच काम चालतं. शिवाय अनेक ट्रॅक्टरांचे ब्रेकसुद्धा याच तेलात बुडालेले असतात. म्हणून तेल खराब झालं की गिअर, लिफ्ट आणि ब्रेक तिन्ही एकदम आजारी पडतात.

म्हणूनच मिळेल ते तेल ओतून चालत नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तकात कोणत्या प्रकारचं आणि किती लिटर ते लिहिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या विक्रेत्याला विचारा. तेलात बुडालेल्या ब्रेकचा ट्रॅक्टर असेल तर त्याला वेगळं, ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिक दोन्हींना चालणारं तेल लागतं. साधं नव्वद नंबरचं तेल टाकलं तर ब्रेक आवाज करतात, नीट धरत नाहीत. पॉवर स्टिअरिंगची टाकी बऱ्याचदा वेगळी असते आणि तिचं तेलही वेगळं. ही दोन तेलं एकमेकांत मिसळू नका. डबा सीलबंद घ्या, पक्कं बिल घ्या.

कधी बदलायचं? बहुतेक ट्रॅक्टरांना साधारण १००० तासांनी, पण आपल्या पुस्तकातला आकडा खरा मानायचा. मीटर बंद असेल तर वहीतल्या कामाचे तास जोडा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा राहतो, गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असतं, आणि पाणी थेट पेटीत उतरतं. म्हणून केळापूरच्या जगदंबेचं नवरात्र झालं, पाऊस उघडला, की पट्टी ओढून पाहायचीच. तेल दुधाळ दिसलं तर तासांची वाट न पाहता बदलायचं, आणि आधी ते रबर बदलायचं. नाहीतर नवं तेलही पुढच्या पावसात तसंच होणार.

आता काम. चौघी तरी हव्यात. पदर खोचून घ्या, बांगड्या आणि लांब माळ काढून ठेवा. लहान पोरांना लांब ठेवा. साहित्य असं: बरोबर मापाचे पाने, रुंद टब, नवं तेल, नवा फिल्टर, नटाखालचे नवे वॉशर, थोडं डिझेल, स्वच्छ पांढरं फडकं आणि गाळणीचं नरसाळं. टब घेताना लक्षात ठेवा, इथे इंजिनापेक्षा कितीतरी जास्त तेल निघतं. एका टबात मावणार नसेल तर रिकामे डबे शेजारी मांडून ठेवा.

ट्रॅक्टर थोडा वेळ चालवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होऊन गाळासकट बाहेर पडतं. पण चटका बसेल इतकं गरम नको. मग ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. लिफ्ट पूर्ण खाली सोडा. इंजिन बंद, चावी काढून अध्यक्षाच्या कमरेला. हातब्रेक ओढा, चाकांना पुढून मागून दगड लावा. उचललेल्या अवजाराखाली किंवा नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली कोणीही शिरायचं नाही. यात सूट नाही.

आता लक्ष देऊन ऐका. खालचा तेल सोडायचा नट सोडण्याआधी वरचा तेल भरायचा नट उघडून पाहा. जुन्या ट्रॅक्टरचा हा नट कधी कधी गंजून बसलेला असतो. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा नट उघडलाच नाही, तर ट्रॅक्टर रिकाम्या पोटानं अंगणातच बसेल. वरचा उघडला, की मग आजूबाजूची माती पुसून खालचे नट सोडा. नट एकापेक्षा जास्त असू शकतात. एकच सोडला तर अर्धं जुनं तेल आतच राहतं. सगळं निथळू द्या, घाई करू नका.

तेल निथळेपर्यंत त्याच्याकडे नीट बघा. दवाखान्यात जसं रक्त तपासतात, तसंच हे. काळपट पण स्वच्छ असेल तर म्हातारपण. दुधाळ असेल तर पाणी. करपल्यासारखा वास असेल तर आत काहीतरी जास्त तापतंय. काही नटांना लोहचुंबक असतं. त्यावर बारीक करडा लेप दिसला तर घाबरू नका, दात घासून एवढं निघतंच. पण लोखंडाचे कपचे, दाताचा तुकडा मिळाला, तर तो फडक्यात बांधून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा. पुष्कळ जण म्हणतात, "जुनी मशीन आहे, चाललंय ते चालू द्या, तेल बदललं की बिघडते." तेल बदलल्यानं दात तुटत नाही, तुटलेला दात फक्त दिसतो. पण हेही खरं, की झिजलेला गिअर नव्या तेलानं भरून येत नाही. तिथे मेकॅनिकच लागेल.

जाळीची गाळणी असेल तर डिझेलमध्ये धुऊन वाळवा. कागदी फिल्टर असेल तर नवाच बसवा. नट नव्या वॉशरसह पक्के करा, पण लांब पाइप लावून जोर करू नका, आटे जातात. मग गाळणीच्या नरसाळ्यातून हळूहळू तेल भरा. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आलं पाहिजे. जास्त भरलं तरी बरं नाही, सीलमधून गळतं. ट्रॅक्टर चालू करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, म्हणजे सगळीकडे तेल पोचतं. बंद करून लिफ्ट खाली सोडा, थोडं थांबा, पट्टी पुन्हा बघा, कमी असेल तेवढं घाला. दुसऱ्या दिवशी खाली ठिपके पडलेत का ते पाहा.

राहिलं जुनं तेल. ते नाल्यात नको, विहिरीच्या कडेला नको, चुलीत नको, बैलाच्या जखमेवर तर मुळीच नको. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरा, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नका, आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तेल पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरलाच द्या.

शेवटचं काम वहीचं. तारीख, मीटरचे तास, तेलाचं नाव, लिटर, बिल, आणि काढलेलं तेल कसं दिसलं, एवढं लिहा. खाली हजर बायांच्या सह्या. कधी ट्रॅक्टर गॅरेजला द्यावाच लागला, तर ही वही सोबत न्या आणि एकीनं तिथे उभं राहा. जुनं तेल आणि जुना फिल्टर दाखवा म्हणून सांगा. यात कोणावर अविश्वास नाही, ट्रॅक्टर आपला आहे एवढंच आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो. वर्षभर ज्यानं ओढलं त्याची ती विचारपूस असते. ट्रॅक्टरला बोलता येत नाही, दुखलं तर कान पाडता येत नाही. त्याची पट्टी ओढूनच विचारावं लागतं.

या आठवड्यात गटाच्या बैठकीआधी एवढंच करा. ट्रॅक्टरची पट्टी ओढा, पांढऱ्या फडक्याला पुसा, आणि ते फडकं बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. पुढची चर्चा आपोआप होईल. येतो आम्ही. नमस्कार.