अखंडित वीजपुरवठ्याचे कार्ड आणि कार्यालयाची किल्ली

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



शासकीय कार्यालयात कार्यभार देण्या-घेण्याची रीत जुनी आहे. जाणारा अधिकारी तिजोरीच्या किल्ल्या मोजून देतो, येणारा त्या मोजून घेतो. रोकडवही व जडवस्तू संग्रह नोंदवही तपासली जाते आणि यादीखाली दोघांच्या सह्या होतात. या रीतीमुळे माणसे बदलली तरी कार्यालय चालू राहते. मात्र अलीकडच्या काळात कार्यालयात अशाही वस्तू आल्या आहेत, की ज्यांची किल्ली लोखंडाची नसून अक्षरांची आहे. ही किल्ली एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्मरणात असते आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर निघून जाते. आजचा विषय अशाच एका वस्तूचा आहे. ती म्हणजे संगणकांना अखंडित वीज पुरविणाऱ्या यूपीएसमधील व्यवस्थापन कार्ड. त्याचा गुप्तशब्द हरवला असता ते पूर्वस्थितीत कसे आणावे आणि आणल्यानंतर काय करावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विजेचा खंड आणि यूपीएस

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला आणि उपनगरी गाड्या रुळांवरच थांबल्या. महानगराची ही कथा. मग तालुक्याच्या गावी पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे सांगावयास नको. पूर्वी वीज गेली तरी दप्तर कागदाचे असल्यामुळे खिडकीशी बसून काम करता येत असे. आता दाखले, सातबारा उतारे, शाळांच्या नोंदी, रुग्णालयांतील केसपेपर ही सारी कामे संगणकावर आली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. वीज गेली की काम थांबते, एवढ्यावर हे भागत नाही. लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहते आणि कधी कधी साठविलेली माहितीही बिघडते.

हा खंड भरून काढण्यासाठी यूपीएस असतो. येणाऱ्या विजेवर तो आपली बॅटरी भरून ठेवतो आणि वीज जाताच बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून संगणकास देतो. साध्या प्रकारात हा बदल काही सहस्रांश सेकंदांत होतो. मोठ्या केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या दुहेरी रूपांतराच्या प्रकारात तेवढाही खंड पडत नाही. पण यूपीएस म्हणजे जनित्र नव्हे. त्याची शिदोरी काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात एक तर जनित्र चालू व्हावे किंवा संगणक शिस्तीने बंद व्हावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. शिवाय शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षांचे असते. खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअसपेक्षा सुमारे दहा अंशांनी वाढले, तर ते जवळजवळ निम्म्यावर येते. उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी कोणाच्याही नकळत निकामी होऊ शकते.

कार्डाचे काम

हे नकळत घडू नये म्हणूनच व्यवस्थापन कार्ड बसविलेले असते. यूपीएसच्या पाठीमागील खाचेत बसणारे हे कार्ड म्हणजे एक स्वतंत्र छोटा संगणकच होय. कार्यालयाच्या जाळ्यात त्याला स्वतःचा पत्ता असतो. यूपीएसवर भार किती आहे, बॅटरी किती भरली आहे व ती किती मिनिटे पुरेल, हे ते सांगते. वीज गेल्यास संबंधितांस ईमेल पाठविते आणि बॅटरी संपत आली की संगणकांना शिस्तीने बंद होण्याची सूचना देते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यूपीएसची माहिती एकाच पद्धतीने वाचता यावी, यासाठी १९९४ साली एक सामाईक आराखडाही प्रसिद्ध झालेला आहे.

मात्र हे कार्ड केवळ पहारेकरी नाही. दूरच्या खोलीत बसून यूपीएसचा पुरवठा बंद करण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. ज्याच्या हाती कार्डाचा गुप्तशब्द, त्याच्या हाती त्या खोलीतील सगळ्या यंत्रांची वीज. म्हणून त्या गुप्तशब्दाचे मोल तिजोरीच्या किल्लीहून कमी मानता येत नाही.

समजा, एका कार्यालयातील तंत्रज्ञाने कार्ड बसविले, स्वतःचा ईमेल पत्ता घातला, गुप्तशब्द ठरविला आणि वर्षभराने त्याची बदली झाली. यूपीएस ठराविक दिवसांनी आपली चाचणी घेत राहिला. एके दिवशी बॅटरी बदलावयास हवी असा निष्कर्ष निघाला. कार्डाने तसा निरोप इमानाने पाठविला, पण तो कोणीच न उघडणाऱ्या पत्त्यावर गेला. नवा कर्मचारी कार्ड उघडून पाहू शकत नाही, कारण गुप्तशब्द त्यास ठाऊक नाही. पुढे वीज जाते, तेव्हा पंधरा मिनिटे पुरणारी बॅटरी पंधरा सेकंदही टिकत नाही. या सगळ्यात यंत्राचा दोष कोठेही नाही. किल्ली हस्तांतरित झाली नाही, एवढेच घडलेले आहे.

एका शब्दाचे चार अर्थ

अशा वेळी ‘कार्ड रीसेट करा’ असा सल्ला मिळतो. पण या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या क्रिया येतात आणि त्यांतील भेद न समजल्यास नुकसान होते.

पहिली क्रिया म्हणजे कार्ड नव्याने सुरू करणे. यात कार्ड क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होते. त्याची मांडणी कायम राहते आणि संगणकांना मिळणारी वीज खंडित होत नाही. कार्ड अडकले असेल, जाळ्यावर उत्तर देत नसेल, तर प्रथम हाच उपाय करावा.

दुसरी क्रिया गुप्तशब्द पूर्ववत करण्याची. तीत काही क्षणांपुरता कारखान्यातील मूळ गुप्तशब्द चालू होतो.

तिसरी क्रिया सर्व मांडणी पुसून टाकण्याची. तीत जाळ्यातील पत्ता, ईमेल, सूचना, वापरकर्ते असे सर्व काही मूळ स्थितीत जाते. हा शेवटचा उपाय समजावा.

चौथी क्रिया आहे यूपीएसच रीबूट करण्याची. ही आज्ञा कार्डाच्या पडद्यावरच दिसते आणि नावामुळे फसगत होते. तिने यूपीएसमधून बाहेर जाणारी वीज बंद होऊन पुन्हा चालू होते आणि त्यावरील संगणकही बंद पडतात. कार्डाची दुरुस्ती करू पाहणाऱ्याने या आज्ञेस हात लावू नये.

गुप्तशब्द हरवला असता

प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असल्यामुळे प्रथम त्या कार्डाची माहितीपुस्तिका पाहावी. उदाहरणादाखल एपीसी या नावाने मिळणाऱ्या यूपीएसच्या दुसऱ्या पिढीच्या कार्डाची रीत पाहता येईल. १९८१ साली अमेरिकेत स्थापन झालेली ही कंपनी २००७ पासून श्नायडर इलेक्ट्रिक या कंपनीकडे आहे.

कार्डासाठी दिलेली खास केबल कार्डावरील लहान खाचेत व संगणकात जोडावी आणि संवादाचा वेग ९६०० ठेवावा. एंटर कळ दाबताच वापरकर्त्याचे नाव विचारले जाते. मग कार्डावरील रीसेटची बारीक कळ टोकदार वस्तूने दाबावी. स्थिती दाखविणारा दिवा आळीपाळीने नारिंगी व हिरवा लुकलुकू लागतो. तो लुकलुकत असतानाच कळ लगेच दुसऱ्यांदा दाबावी. आता पुन्हा एंटर दाबत राहिल्यास नाव विचारले जाते आणि मूळ नाव व मूळ गुप्तशब्द चालतो. यासाठी अवधी तीस सेकंदांचा असतो. तो चुकल्यास कळ दाबण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. आत प्रवेश मिळताच पहिले काम म्हणजे प्रशासकाचा नवा गुप्तशब्द ठरविणे. तो ठरविला नाही, तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

तिसऱ्या पिढीच्या कार्डात हीच कळ वीस ते पंचवीस सेकंद दाबून धरली आणि दिवा हिरव्याचा नारिंगी होताच सोडली, तर तिसऱ्या क्रियेप्रमाणे सर्व मांडणी पुसली जाते. म्हणूनच कार्ड सुस्थितीत असतानाच त्याच्या मांडणीची फाइल उतरवून सुरक्षित ठेवावी. तसे केल्यास एरवी दिवसभर चालणारे काम थोडक्या वेळात आटोपते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही जुन्या स्मार्ट-यूपीएस यंत्रांवर कार्डाच्या खाचेखेरीज यूपीएसची स्वतःचीही जोडणी असते. तीत बाजारातील साधी सीरियल केबल जोडल्यास यूपीएस बंद पडू शकतो. केबल कार्डातच आणि कंपनीने सांगितलेलीच जोडावी. एकंदर हे काम कार्यालयाची वेळ संपल्यावर, वरिष्ठांना कळवून आणि दोघांनी मिळून करावे.

कळ दाबल्यानंतरचे काम

मूळ गुप्तशब्दाची सोय उपकारक असली, तरी तिला दुसरी बाजू आहे. तो कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक असतो. एपीसीच्या कार्डात अनेक वर्षे नाव आणि गुप्तशब्द ही दोन्ही कंपनीच्या नावाचीच तीन अक्षरे होती. अलीकडच्या कार्डांत पहिल्या प्रवेशालाच तो बदलण्याची सक्ती केलेली आहे. २९ मार्च २०२२ रोजी अमेरिकेतील सायबर सुरक्षा संस्था सीसा आणि तेथील ऊर्जा विभाग यांनी संयुक्त इशारा दिला. इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसमध्ये परक्यांचा प्रवेश होत असून पुष्कळदा तो न बदललेल्या मूळ गुप्तशब्दामुळेच होतो, असे त्यात नमूद होते. यूपीएसची व्यवस्था इंटरनेटपासून दूर ठेवावी, असेही त्यात सुचविले होते. ही सूचना आपल्या कार्यालयांसही तितकीच लागू आहे.

तेव्हा रीसेटनंतर पुढील कामे त्याच बैठकीत उरकावीत. लांब व नवा गुप्तशब्द घालावा. कार्ड खुल्या इंटरनेटवर न ठेवता कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावर ठेवावे. टेलनेटसारखे उघडे मार्ग बंद करून सुरक्षित मार्ग चालू ठेवावेत. माहिती वाचण्यासाठी ‘पब्लिक’, ‘प्रायव्हेट’ असे मूळचे परवलीचे शब्द असल्यास तेही बदलावेत. घड्याळ व तारीख लावावी. शेवटी चाचणीचा ईमेल पाठवून तो खरोखर पोहोचतो की नाही, हे पाहावे. तो कोणा एकाच्या खाजगी पत्त्यावर न जाता कार्यालयाच्या पत्त्यावर जावा, म्हणजे बदलीनंतरही निरोप वाया जाणार नाही.

याखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याचा हात कार्डाच्या कळेपर्यंत पोहोचतो, त्याला गुप्तशब्दाची गरज उरत नाही. म्हणून यूपीएसच्या खोलीचे कुलूप हाच पहिला गुप्तशब्द होय. शाळेत वा पंचायतीत वेगळी खोली नसेल, तर निदान बंद कपाट असावे. त्याला वारा खेळता राहील एवढ्या जाळ्या मात्र हव्यात.

नोंदवहीतील एक रकाना

या सर्वांवर उपाय खर्चाचा नाही; तो शिस्तीचा आहे. दुहेरी किल्ली मोहोरबंद करून ठेवण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. तीच येथे आणता येते. गुप्तशब्द कागदावर लिहून तो लखोट्यात मोहोरबंद करावा, जोडावर दोघांनी सह्या कराव्यात आणि लखोटा तिजोरीत ठेवावा. नोंदवहीत प्रत्यक्ष गुप्तशब्द लिहू नये. तो केव्हा बदलला, लखोटा कोठे आहे, केव्हा व कोणी उघडला, एवढेच लिहावे. त्याच पानावर बॅटरी बसविल्याची तारीख, कार्डाचा जाळ्यातील पत्ता आणि मांडणीच्या फाइलची जागा नोंदवावी. कार्यभार देताना ही नोंद यादीत घ्यावी आणि येणाऱ्याने त्याच दिवशी गुप्तशब्द बदलून नवा लखोटा करावा.

ज्या पंचायतीत वा शाळेत असे कार्ड नाही, तेथेही साधा यूपीएस, राउटर आणि संगणक असतातच. त्यांचेही गुप्तशब्द असतात आणि तेही एखाद्या उत्साही शिक्षकाच्या किंवा संगणक चालकाच्या स्मरणातच असतात. मासिक सभेत वा मुख्याध्यापकांच्या बैठकीत हा विषय एकदा घेतला, तर पाऊण तासात ही यादी तयार होऊ शकेल.

कळ दाबून कार्ड पूर्वस्थितीत आणणे हे काही मिनिटांचे काम आहे. पण ती कळ दाबण्याची वेळच येऊ नये, हे चांगल्या प्रशासनाचे लक्षण होय. दाखल्यासाठी दहा मैलांवरून आलेल्या शेतकऱ्यास किंवा अर्जाच्या अखेरच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थिनीस यूपीएस आणि कार्ड यांचे ज्ञान असण्याचे कारण नाही. वीज गेली तरी आपले काम अडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. किल्ली कार्यालयाची असते, व्यक्तीची नव्हे, हे सूत्र तिजोरीच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत. अक्षरांच्या किल्लीलाही तेच लागू करावयाचे आहे.